हातचा

घोडपदेवच्या आमच्या शाळेत चौथी शेवटची.
पुढं शाळाच नव्हती. जिना संपायचा
आणि गच्चीच्या दाराला पालिकेचं कुलूप.

पटावर मी एकोणतीस.
बेरजा बऱ्या, धावणं बेताचं,
डावी चप्पल उजवीच्या आधी झिजायची.

तुळसकर बाईच गणित शिकवायच्या आणि खो-खोही,
कारण खेळाचे सर तीन शाळांत मिळून एक
आणि आमचा एक तृतीयांश कधी आलाच नाही.
अपूर्णांक आम्हाला पुस्तकाआधी कळले ते असे.

मैदान अर्धं. उरलेल्या अर्ध्यात डांबराची पिंपं,
एप्रिलात पाझरणारी.
चौकात बसून उठलं की स्कर्टला काळा शिक्का,
घरी रॉकेलनं काढायचा.
एक खुंट म्हणजे नळाचा जुना पाईप,
दुसरा झेंड्याची काठी.
“झेंड्याला वळसा घालताना पाय लागता कामा नये,”
एवढा एक नियम आमच्यापुरता जास्तीचा.
दारूखान्याकडून कापलेल्या लोखंडाचा वास यायचा
आणि त्यातच आम्ही दम टिकवायला शिकलो.

फळ्यावर अठ्ठावीस अधिक सत्तेचाळीस.
आठ नि सात पंधरा. पाच मांडले.
“हातचा कुठं ठेवाल?”
“हातात!” सगळ्या पोरी मूठ आवळून दाखवायच्या,
बिल्किस तर दोन्ही.
“पुढच्या घरात मिळवायला विसरलात
तर अख्खी बेरीज गेली.
आणि मिळवलात की पुसून टाका,
हातचा उत्तरात दिसत नसतो.”

वॉर्डाच्या सामन्यांना संघात नऊ जणी.
बसचं दहावं तिकीट माझं.
बाई म्हणाल्या, “तू आमचा हातचा.”
हे कौतुक की काय, मला कळेना.
घरी आई काजं करत होती.
दोरा दातानं तोडत म्हणाली,
“म्हणजे अडल्या वेळेची. बरंय की.”

नायगावच्या मैदानात मी सांभाळलं ते असं:
चपलांचे नऊ जोड, लिंबाच्या फोडींचा डबा,
हर्षला पाष्टेचा चष्मा,
आणि बिल्किसचे कानातले,
नानीनं दिलेले, चांदीचे, बारीक घुंगरांचे.
ते डब्यात नको, मांडीवर नको,
म्हणून मुठीत.

दुसऱ्या डावात कुंदा तांडेलचा गुडघा फुटला.
बाईंनी माझ्याकडं पाहिलं.
चष्मा ठेवला, डबा ठेवला,
आणि पाचव्या चौकात जाऊन बसले
भिंतीकडं तोंड करून.
पाठीवर थाप, कानाशी “खो!”
उठले ती सुटलेच.
समोर त्यांची शेवटची मुलगी, लांब वेणीची,
पाईपाला हात घालून वळलेली,
माझ्यापासून इतकी जवळ
की वेणीतल्या तेलाचा वास आला.
मी हात टाकला.

हात नव्हे. मूठ.

उघडा पंजा असता
तर चार बोटं पुढं गेला असता.
चार बोटांइतकंच अंतर होतं.
शिट्टी झाली. एका गुणानं हरलो.

बसमध्ये कुणी मला बोललं नाही.
बिल्किसनं खिडकीकडं बघत कानातले घेतले, घातले.
माझ्या तळव्यावर घुंगरांचे ठसे,
मी मोजले, अकरा.
परळ येईपर्यंत ते पुसट झाले.

सोमवारी बाईंनी पुन्हा तेच विचारलं.
सगळ्यांनी मुठी वर केल्या.
मी बाकाखाली हात पसरून ठेवला.

मे महिन्यात दाखले मिळाले.
बिल्किस मालेगावला गेली, हर्षला भायखळ्याच्या मोठ्या शाळेत.
कुंदाचा गुडघा बरा झाला असेल.
मी आता एका पेढीवर हिशोब बघते, मशिनवर,
त्यात हातचा नसतो.
तरी कधी कागदावर बेरीज केली
तर वरच्या कोपऱ्यात तो बारीक एक लिहिते,
उत्तर येतं, बरोबर येतं,

आणि खोडरबर हाताशी असून
तो तसाच ठेवते.